दोन तिकिटं, दोन डेट लायब्रऱ्या

कंपनीला एका डेव्हलपर कॉन्फरन्सची दोन तिकिटं मिळाली, त्यातलं एक मॅनेजरने माझ्या गळ्यात मारलं आणि दुसरं चेकआउट टीमच्या फ्रंटएंड (युजरला दिसणाऱ्या भागाच्या) लीडला दिलं. मी अकाउंट टीमचा. एकाच वेबसाइटवर काम करतो आम्ही, माझं पान संपलं की तिचं सुरू होतं, पण गेल्या दीड वर्षात समोरासमोर किती वेळा बोललो असू तर दोनदा, त्यातलं एकदा लिफ्टमध्ये. बाकी सगळं चॅटवर, तेही "तुमच्या मर्जमुळे आमचं बिल्ड तुटलंय, बघा जरा" अशा थाटात (मर्ज म्हणजे आपला कोड मुख्य कोडमध्ये मिसळणं, बिल्ड म्हणजे सगळ्या कोडची एकत्र बांधणी). कॉन्फरन्सचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी कुरकुर आहे.

जायचा दिवस

ट्रेनमध्ये शेजारी शेजारी सीट, नऊ तास. ती माझ्यापेक्षा बरीच सीनियर, चौदा वर्षं झालीयेत तिला या कामात, त्यामुळे मी सुरुवातीला "अहो मॅडम, तुम्ही खिडकीजवळ बसता का" वगैरे चालवलं होतं. तासाभराने ती म्हणाली, "मॅडम बिडम सोड, सरळ अगं म्हण, नऊ तास अहो-जाहो ऐकलं तर मी मधेच उतरून जाईन." मग जरा मोकळं वाटलं.

मॅनेजरने दोन कामं दिली होती. एक म्हणजे परत आल्यावर सगळ्यांना प्रेझेंटेशन द्यायचं, ते असतंच. दुसरं म्हणजे साइट मोबाइलवर स्लो का आहे त्याचा काहीतरी सुगावा लावून या. सहा महिने हा विषय चालू आहे आणि सहा महिने दोन्ही टीम एकमेकींकडे बोट दाखवतायत, आमचे आलेख बघितले तर त्यांचं पान स्लो, त्यांचे बघितले तर आमचं.

शेड्यूल उघडलं. एका वेळी तीन हॉलमध्ये तीन टॉक, म्हणजे दोन हुकणारच. मी नवीन टूल्सचे सगळे टॉक मार्क केले होते. तिने माझी यादी बघितली आणि निम्मी खोडली. तिचं गणित असं की टॉकच्या वर्णनात नुसतं काय जमलं तेवढंच असेल तर जायचं नाही, काय फसलं आणि ते निस्तरायला किती महिने लागले हे असेल तर जायचं. मला तेव्हा जरा आगाऊपणा वाटला तो. पण नंतर माझ्या वहीत ज्या टॉकच्या नोट्स सापडल्या ते जवळजवळ सगळे तिच्या यादीतले होते.

पहिला दिवस

बॅजची रांग, गळ्यात पट्टा, पट्ट्यावर स्पॉन्सरचं नाव माझ्या नावापेक्षा मोठं. कीनोट पाऊण तास चाललं, भविष्य या विषयावर. भविष्य येणार आहे एवढं कळलं.

त्यानंतरचा टॉक टीमवर्कचा होता, मी मागच्या खुर्चीत मेल बघायच्या तयारीने बसलो होतो. स्पीकरने स्लाइड लावलीच नाही. म्हणाला पाच माणसं असतील तर आपसात बोलायच्या जोड्या किती? दहा. दहा माणसं केली तर? वीस नाही, पंचेचाळीस. फ्रेड ब्रुक्सने आयबीएममध्ये सिस्टम ३६० या कॉम्प्युटर्सच्या ऑपरेटिंग सिस्टमवर हे भोगलं आणि १९७५ मध्ये लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकली तर उशीर वाढतो. हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि तरी रिलीज घसरायला लागली की पहिला प्रश्न "अजून दोन जण देऊ का" हाच येतो, ये रे माझ्या मागल्या.

पण खरा मुद्दा पुढे होता. मेल्विन कॉनवे नावाच्या माणसाने १९६७ मध्ये एक लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूला पाठवला, त्यांनी तो परत केला, म्हणे तुमचं म्हणणं सिद्ध होत नाही. मग तो १९६८ च्या एप्रिलमध्ये डेटामेशन मासिकात आला. म्हणणं साधं: एखादी संस्था जी सिस्टम बनवेल तिचा आराखडा त्या संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तसाच निघेल. पुढे ब्रुक्सनेच त्याला कॉनवेचा नियम म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. त्याच १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत गार्मिशला नाटोने परिषद भरवली होती, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा शब्द तिथून रूढ झाला, आणि तिथेही रडगाणं हेच की प्रोजेक्ट वेळेत होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो. आपल्या धंद्याचं बारसं झालं तेच या तक्रारीच्या पाळण्यात.

मग स्पीकरने सगळ्यांना एकेक कागद वाटला. डाव्या बाजूला तुमच्या टीम काढा, कोण कोणाशी बोलतं त्याच्या रेषा काढा, उजव्या बाजूला तुमची सिस्टम काढा. पाच मिनिटं. झाल्यावर शेजाऱ्याला दाखवा. माझी शेजारीण अर्थातच चेकआउट टीम. मी तिची टीम एका चौकोनात काढली होती आणि त्या चौकोनाकडे एकही रेषा नव्हती, खरंच सुचलीच नाही. तिने आमच्या टीमकडे एक रेषा काढली होती, पण ती विजेसारखी नागमोडी. आम्ही दोघं एवढं हसलो की पुढच्या रांगेने वळून बघितलं. तो कागद तिने घडी करून पर्समध्ये टाकला.

दुपारी अॅजाइलवर (सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवायची पद्धत) एक टॉक, त्यातलं एवढंच लक्षात आहे की २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी चार मूल्यं लिहिली, आणि आता त्या चार ओळींवर सर्टिफिकेशनचा केवढा पसारा उभा आहे. नंतर एका स्पॉन्सरचा "सखोल" टॉक, जो चाळीस मिनिटांची जाहिरात निघाला. मी दहा मिनिटांनी उठलो, दारात बघतो तर ती आधीच बाहेर उभी.

दिवसाचा शेवटचा टॉक कोड रिव्ह्यूचा. १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फेगनने कोड तपासायची पद्धत लिहून काढली तेव्हा चारेक जण ठरवून एकत्र बसायचे, एक जण ओळ वाचणार, बाकीचे चुका शोधणार, सापडलेल्या चुकांची नोंद होणार. आता आपण काय करतो? नऊशे ओळींचा पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल तपासून घ्या अशी विनंती, आला की अंगठा दाखवून मोकळे, आणि नऊ ओळींचा आला की व्हेरिएबलच्या नावावर चाळीस कमेंट. सगळा हॉल हसला, घरोघरी मातीच्या चुली. त्या बाईंनी एक साधी गोष्ट सांगितली: कमेंट लिहिताना आधीच लिहा की हे केल्याशिवाय मर्ज करू नका असं आहे, का नुसती माझी आवड आहे. समोरच्याला निम्मा राग याचाच येतो की नक्की काय करायचंय तेच कळत नाही. हे मी वहीत चौकट करून लिहिलं.

दुसरा दिवस

हा दिवस खरा.

सकाळी वेब परफॉर्मन्सचा टॉक. मला वाटलं होतं इमेज कॉम्प्रेस करा, कॅश लावा, तेच तेच असेल. पण स्पीकरने सुरुवात प्रकाशापासून केली. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर जायला ५० मिलिसेकंद, यायला ५०, म्हणजे एक फेरी शंभरची, आणि यात कोणाचाही बाप काही करू शकत नाही. आता मोजा. टीसीपी, म्हणजे दोन कॉम्प्युटरांमध्ये डेटा क्रमाने पोचवायचा नियम, त्याचा हात मिळवायला एक फेरी. टीएलएस, म्हणजे डेटाला कुलूप लावायचा नियम, १.२ असेल तर त्याच्या दोन. मग तुमची रिक्वेस्ट, एक. म्हणजे पहिला बाइट हातात पडायच्या आधीच चारशे मिलिसेकंद गेले, आणि आपण इकडे रिअॅक्टचा कंपोनंट (पानाचा एक तुकडा) पुन्हा रेंडर होतोय, म्हणजे नव्याने काढला जातोय का यावर भांडतोय. २०१८ च्या टीएलएस १.३ ने त्यातली एक फेरी वाचवली. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरची बोलायची भाषा. एचटीटीपी ३ मध्ये, जे २०२२ ला स्टँडर्ड झालं, खाली टीसीपीच नाही, यूडीपी या जास्त साध्या नियमावर बांधलेलं क्विक आहे, आणि हात मिळवणं आणि कुलूप लावणं दोन्ही एकाच फेरीत.

बरं पहिला बाइट आला म्हणून सगळं आलं असं नाही. सर्व्हर सुरुवातीला बिचकत पाठवतो, पहिल्यांदा दहा पॅकेट (डेटाचे तुकडे), साधारण १४ केबी, पोच आली की वीस, मग चाळीस. त्यामुळे पान दिसायला जे लागतं ते पहिल्या १४ केबीत बसलं तर एका फेरीत चित्र दिसतं. आमचं पान? मी मनातल्या मनात विषय बदलला.

मग स्पीकरने आठ जणांना स्टेजवर बोलावलं आणि मी आपला उत्साहात गेलो. आम्ही पॅकेट. चार जणांच्या हातात लाल चिठ्ठ्या, चार जणांकडे निळ्या, लाल म्हणजे एक फाइल आणि निळी म्हणजे दुसरी. पहिला खेळ टीसीपीवर चालणाऱ्या एचटीटीपी २ चा: सगळे एका रांगेत चालायचं, तिसऱ्याला मधेच "तू हरवलास" म्हणून बाजूला काढलं, तो मी. तर माझ्या मागचे सगळे थांबले. निळ्या चिठ्ठीवालेसुद्धा, ज्यांचा माझ्या लाल फाइलशी काही संबंध नाही. कारण टीसीपीला रांग माहीत आहे, रंग माहीत नाही, तो हरवलेलं पॅकेट परत येईपर्यंत मागचं काहीच वर देत नाही. दुसरा खेळ क्विकचा: मी हरवलो, लाल थांबले, निळे आरामात पलीकडे. हे मी तीन वेळा वाचून तीनही वेळा डोक्यावरून गेलेलं, हरवल्यावर कळलं.

दुसरा अर्धा भाग जावास्क्रिप्टचा. दोनशे केबीचा फोटो आणि दोनशे केबीचं जावास्क्रिप्ट नेटवर्कवर सारखंच, पण ब्राउझरमध्ये पोचल्यावर फोटो नुसता डीकोड होतो, स्क्रिप्ट मात्र वाचायची, कंपाइल करायची, चालवायची, आणि हे सगळं बहुतेक त्याच मेन थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणारी ब्राउझरची मुख्य रांग) जो युजरच्या बोटाची वाट बघतोय. गूगल पूर्वी फक्त पहिल्या टॅपला किती थांबावं लागलं ते मोजायचं. मार्च २०२४ पासून त्याची जागा आयएनपीने घेतली, म्हणजे पानावर असेपर्यंतचे सगळे टॅप, आणि टॅप केल्यापासून पडद्यावर काही हलेपर्यंतचा वेळ, तो २०० मिलिसेकंदांच्या आत हवा. तोही तुमच्या महागड्या लॅपटॉपवरचा धरायचा नाही, खऱ्या शंभर भेटींमधल्या पंच्याहत्तर तरी त्यात बसल्या पाहिजेत.

दुपारी अॅक्सेसिबिलिटीचा (साइट अपंगांनाही वापरता यावी याचा) टॉक, स्पीकर स्वतः दृष्टिहीन डेव्हलपर. त्यांनी एनव्हीडीए लावला, हा फुकट आणि ओपन सोर्स स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन मित्रांनी सुरू केला. त्यांच्या नेहमीच्या स्पीडला तो आवाज आम्हा कोणालाच शब्द म्हणून ऐकू येईना, नुसती किलबिल. मग त्यांनी स्पीड कमी केला आणि कॉन्फरन्सचीच साइट उघडली. "लिंक. लिंक. ग्राफिक. लिंक." शेड्यूलमध्ये टॉक निवडायचं बटण त्यांना सापडलंच नाही, कारण ते बटण नव्हतं, क्लिक लावलेला डिव्ह (नुसता चौकोन) होता. बटण टॅग वापरला असता तर कीबोर्ड, फोकस, नाव सगळं आपोआप आलं असतं. "मी इथे कोणता टॉक ऐकायचा ते मित्राला विचारून ठरवलं," एवढंच ते म्हणाले, शांतपणे. आयोजक पहिल्या रांगेत बसले होते. संध्याकाळपर्यंत ते बटण बदललेलं होतं, हे मात्र मानलं पाहिजे.

रात्री हॉटेलच्या लॉबीत लॅपटॉप घेऊन बसलो. चौदा केबी डोक्यातून जाईना. बंडल अॅनालायझर चालवला, तो पानातल्या सगळ्या स्क्रिप्टचा चौकोनांचा नकाशा काढतो, जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. आणि त्यात दोन गलेलठ्ठ शेजारी. एक मोमेंट, एक डेट-एफएनएस. दोन्ही लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, एकच काम करतात, तारीख वाचायची आणि तारीख दाखवायची. दोन्ही आमच्या प्रत्येक युजरच्या फोनवर उतरतायत.

तिला मेसेज केला, ती खाली आली, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिली. "मोमेंट आमचं," म्हणाली. "डेट-एफएनएस आमचं," मी. मोमेंट त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून, आणि ते बनवणाऱ्यांनी २०२० मध्येच सांगून टाकलंय की आता नवीन काही होणार नाही, दुसरं काहीतरी बघा. वर वेबपॅक (सगळा कोड एकत्र बांधणारं टूल) त्याच्यासोबत मोमेंटकडे असलेल्या सगळ्या भाषांचे लोकेलसुद्धा, म्हणजे तारीख लिहायच्या पद्धती, बांधतो, कारण कोणतं लागेल ते त्याला आधी कळत नाही, ते मुद्दाम वगळावे लागतात. आमच्यात कोणी वगळलेच नव्हते. गझिप करून, म्हणजे दाबून लहान करूनही, जवळजवळ सत्तर केबी. म्हणजे त्या १४ केबीच्या पाचपट नुसती तारीख. पण आम्हालाही फार शहाणपण नको, आम्ही डेट-एफएनएस आणलं तेव्हा शेजारच्या टीमकडे काय आहे हे विचारलंच नव्हतं, आणि आणलं ते पण सबंधच्या सबंध इम्पोर्ट करून.

मग तिला आठवलं. मागच्या वर्षी एक बग होता, काही ग्राहकांना डिलिव्हरीची तारीख तिच्या पानावर १२ दिसायची आणि माझ्या पानावर ११. तीन आठवडे चॅटवर भांडलो होतो आम्ही, अगदी मॅनेजरला मध्ये घेऊन. आमच्या कोणाच्याच मशीनवर तो दिसायचा नाही, शेवटी "रिप्रोड्यूस होत नाही" म्हणून बंद केला. आता दोघांचा कोड शेजारी शेजारी उघडला आणि दहा मिनिटांत सापडला. जावास्क्रिप्टला नुसती तारीख दिली, वेळ न देता, तर तो ती यूटीसीची, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेची, मध्यरात्र धरतो, स्टँडर्डमध्येच तसं आहे. मोमेंट तीच तारीख लोकल मध्यरात्र धरतं. मी आधी जावास्क्रिप्टच्या स्वतःच्या डेटमधून काढून मग डेट-एफएनएसला देत होतो. जो माणूस ग्रीनिचच्या पश्चिमेला बसलाय त्याच्याकडे यूटीसीची मध्यरात्र म्हणजे अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ, म्हणून ११. आम्ही सगळे पूर्वेला, आम्हाला कसा दिसणार. (तसाही हा डेट प्रकार १९९५ मध्ये जावाकडून जसाच्या तसा उचललेला, जानेवारीला शून्य म्हणतो तो, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायच्या.)

तिने पर्समधून कालचा कागद काढला आणि नकाशाच्या शेजारी ठेवला. माझ्या चौकोनाकडून तिच्या चौकोनाकडे रेषा नाही. काही बोलली नाही, मी पण नाही. साडेबारा झाले होते.

तिसरा दिवस

सकाळचा एक टॉक डिपेंडन्सीचा, म्हणजे आपण ज्यावर विसंबतो त्या दुसऱ्यांच्या कोडचा, २०१६ मधली लेफ्ट-पॅडची गोष्ट, अकरा ओळींचं पॅकेज एकाने एनपीएम या पॅकेजच्या भांडारावरून काढून घेतलं आणि जगभरची बिल्डं पडली. ऐकलेली होती, पण आदल्या रात्रीनंतर वेगळी ऐकू आली. दुसरा डेव्हऑप्सचा, म्हणजे कोड लिहिणाऱ्यांनी आणि तो चालता ठेवणाऱ्यांनी एकत्र काम करायचा. २००९ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या दोघांनी, जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड, दिवसाला दहापेक्षा जास्त डिप्लॉय (नवीन कोड लोकांसाठी चालू करणं) कसे करतो यावर टॉक दिला, एक ऑपरेशन्सचा आणि एक डेव्हलपमेंटचा, दोघं एकाच स्टेजवर. तो टॉक इंटरनेटवरून बघून बेल्जियममध्ये पॅट्रिक डेबॉइसने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घेंटला डेव्हऑप्सडेज भरवलं आणि डेव्हऑप्स हा शब्द तिथून पसरला. ती माझ्या कानात म्हणाली, "बघ, स्टेजवर दोन्ही टीम होत्या."

दुपारी ओपन स्पेस. यात आधी ठरलेलं काहीच नसतं, ज्याला विषय आहे त्याने कार्ड लिहून भिंतीवर लावायचं, आणि जिथे तुमचा उपयोग होत नाहीये तिथून उठून दुसरीकडे जायचं, यालाच दोन पायांचा नियम म्हणतात. तिने उठून कार्ड लावलं: एका पानात दोन डेट लायब्रऱ्या, कोणाची ठेवायची? मला वाटलं कोणी येणार नाही. पंधरा-सोळा जण आले, आणि प्रत्येकाच्या घरी तेच. कोणाकडे तीन प्रकारची बटणं, कोणाकडे नोंदी ठेवणारे दोन लॉगर, एकाकडे तर एकाच पानात जेक्वेरी या लायब्ररीच्या दोन आवृत्त्या. एकाने चांगलं सांगितलं, की कोणाची ठेवायची हा प्रश्नच घेऊ नका, त्यात कोणीतरी हरतं आणि हरणारा पुढे सहा महिने बिल्ड पाडतो. आधी मोजा की नक्की किती फंक्शन वापरताय. मोजली. त्यांची पाच, आमची चार, त्यातली तीन सारखी, म्हणजे एकूण सहा.

तेवढ्यात मागून एक मुलगी, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली असेल, म्हणाली, "पण तारीख दाखवायला ब्राउझरमध्येच इंटल आहे ना, मग लायब्ररी कशाला?" आम्ही दोघं गप्प. खरंच सहापैकी चार कामं इंटल, म्हणजे ब्राउझरचं स्वतःचं तारखा दाखवायचं साधन, करतं, भाषांसकट, फुकट, एक केबी न उतरवता. उरलेली दोन हाताने लिहिली तर तीस ओळी.

त्यानंतरचं समारोपाचं भाषण आम्ही ऐकलं नाही. त्यात काही गेलं असं वाटत नाही.

परतीचा दिवस

ट्रेनमध्ये नेटवर्क येत-जात होतं, पण गिटला, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलला, त्याचं काय, तो लोकलवर, लॅपटॉपवरच कमिट करतो. तिने माझा कोड उघडला आणि मी तिचा, दीड वर्षात पहिल्यांदा. तिच्या टेस्ट बघून मला जरा लाज वाटली, आमच्याकडे तारखेच्या टेस्टच नव्हत्या. सहा फंक्शनची छोटी फाइल केली, दोन्ही टीमने फक्त तीच इम्पोर्ट करायची, आत काय आहे ते बाहेरच्याला कळायला नको. टाइमझोन पश्चिमेकडचा करून टेस्ट चालवल्या, तीन पडल्या. दोन माझ्या चुकीने. तिसरी टेस्ट चुकीची होती, तिनेच लिहिलेली, आणि ती कबूल करायला तिला एक अख्खं स्टेशन लागलं.

मॅनेजरचं प्रेझेंटेशन अजून बाकी आहे, स्लाइडचा पत्ता नाही. तो कागदच स्कॅन करून लावू असं ती म्हणतेय.

संध्याकाळी एका स्टेशनवर चार काड्या नेटवर्क मिळालं तेव्हा पुश केलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलं, आणि रिव्ह्यूला तिचं नाव टाकलं. ती शेजारच्याच सीटवर होती, कोपर कोपराला लागत होतं, तरी तिने तोंडाने काही सांगितलं नाही, लॅपटॉपवर टाइप करत राहिली. मिनिटभराने माझ्याकडे कमेंट आली: "सोळाव्या ओळीतलं फंक्शनचं नाव मला आवडलं नाही. आवड म्हणून सांगतेय, अडवत नाहीये."